कुंकवाखालची दोन अक्षरं

ती सकाळ अजूनही डोळ्यांपुढून हलत नाही. चेन्नईच्या सायबर गुन्हे विभागात मी इन्स्पेक्टर होतो, निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि समोरची फिल्टर कॉफी अजून ओठांना लागायची होती. तेवढ्यात मैलापूरहून आलेल्या एक निवृत्त शिक्षिका खुर्ची ओढून बसल्या. सत्तरी ओलांडलेल्या, हातात छत्री, आणि आवाज असा की मी आपोआप ताठ बसलो.

“इन्स्पेक्टर, दहा वर्षांपूर्वी माझं एक ऑपरेशन झालं,” त्या तमिळमध्ये म्हणाल्या. “कसलं, ते तुम्हाला सांगणार नाही. माझ्या मुलालाही सांगितलेलं नाही. मग काल फोनवर औषधं विकणाऱ्या त्या पोरीला ते कसं कळलं?”

प्रथम खबर नोंदवण्याआधी आमच्याकडे तक्रारीची एक पावती देतात, तिला सीएसआर म्हणतात. ती बाईंच्या हातात दिली. त्यांनी आधी पावतीतल्या दोन चुका दाखवल्या, मग उठल्या.

पुढे जाण्याआधी माझ्याविषयी थोडं. नोकरी तमिळनाडू पोलिसात केली, पण घरची भाषा मराठी. आमचं घराणं तंजावरचं. आमचं मराठी ऐकून महाराष्ट्रातले लोक हसतात, हा माणूस जुन्या पोथीतून बोलतोय म्हणतात. हसोत बापडे! या प्रकरणात त्याच मराठीचा उपयोग झाला, म्हणून सांगितलं. नाव मात्र मी कुणाचंच घेणार नाही.

आठवड्याभरात अशाच अकरा तक्रारी आल्या. कुणाच्या गुडघ्याचं दुखणं, कुणाच्या मूत्रपिंडाचं, आणि फोन करणाऱ्याला सगळं तोंडपाठ. अकराही जण कधी ना कधी एकाच हॉस्पिटलात उपचार घेऊन गेलेले. हॉस्पिटलने आपले जुने केसपेपर पेरुंगुडीतल्या, म्हणजे चेन्नईच्या संगणक कंपन्यांच्या भागातल्या, एका कंपनीकडे सोपवले होते. कागद स्कॅन करून संगणकात जपून ठेवणं हा त्या कंपनीचा धंदा. तीस वर्षांचा संग्रह होता तो.

मी त्या कंपनीत जायच्या आधीच तिचे मालक माझ्याकडे आले. तक्रार टाइप केलेली, आणि आरोपीही तयार!

“सार, आमच्या सर्व्हरच्या नोंदीत स्पष्ट आहे,” ते म्हणाले. “रोज सकाळी सहा ते सात, आमच्या संग्रहप्रमुख बाईच्या नावाने केसपेपर बाहेर काढले गेलेत. माणूस खोटं बोलेल, मशीन कशाला बोलेल?”

त्या बाईंना त्यांनी आधीच घरी बसवलं होतं. नुसतं घरी बसवलं नव्हतं, सगळ्या स्टाफसमोर हॉलमध्ये उभं करून गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं होतं. हे सांगताना मालकांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते पाहून माझं डोकं तिथेच तापलं. पण पोलिसाने तापलेलं डोकं घरी ठेवून यावं असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात, म्हणून मी तक्रार घेतली आणि गुन्हा नोंदवला.

दुसऱ्या दिवशी बाई नोटिशीप्रमाणे हजर झाल्या. वय तिशीच्या आसपास, राहायला वेलचेरीत. सोबत वडील होते, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे सांगलीकडचे. मी फाइल चाळत होतो. बाई वडिलांच्या कानाशी हळूच मराठीत म्हणाल्या, “बाबा, तुम्ही काही बोलू नका. हे लिहून घेतील आणि उलटंच लावतील.”

“उलटं लावणार नाही,” मी फाइलीतून मान वर न करता म्हणालो. “पण लिहून घेईन. त्याचाच पगार मिळतो.”

म्हातारबुवा खुर्चीत एवढे दचकले की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. “साहेब, तुम्ही आपले?”

“मी पोलिसांचा,” मी म्हणालो. “पण बोला मराठीतच. मलाही बरं वाटेल.”

बाईंनी मग मला सगळं समजावून सांगितलं, आणि फार छान सांगितलं. मी या विभागात आलो तेव्हा मला ईमेलची जोडपत्रंसुद्धा उघडता येत नसत, त्यामुळे समजावून सांगणाऱ्याची किंमत मला कळते.

“साहेब, तुमच्या मालखान्यात कुणी चिठ्ठी घेऊन आला, की चिठ्ठी खरी आहे का एवढंच तुम्ही बघता ना? मग वस्तू देता.”

“बरं.”

“आमच्या विक्री विभागाचं एक नवं सॉफ्टवेअर आहे. हॉस्पिटलने जुना कागद मागितला की ते सॉफ्टवेअर आमच्या संग्रहाकडून तो आणतं. त्यासाठी संग्रहाला एक टोकन दाखवावं लागतं. चाळीस अक्षरं आणि आकडे, एका ओळीत. टोकन बरोबर असलं की संग्रह दार उघडतो. समोर कोण आहे ते बघत नाही.”

“मग त्या टोकनावर नाव तुमचं कसं?”

“वेगळं खातं काढायला मालकांची मंजुरी लागते. ते म्हणाले, तूर्त तुझ्याच खात्यातून काढ. तूर्त म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे.”

मला माहीत होतं. आमच्या खात्यात तूर्त नेमलेले लोक तिथूनच निवृत्त होतात.

“हे टोकन आणखी कुणाकडे होतं? कुठे लिहून ठेवलं होतं?”

“कुठेच नाही, साहेब. पासवर्ड ठेवायची एक कुलूपबंद जागा असते आमच्या संगणकात, तिथेच होतं. आणि ती उघडणारी मी एकटी.”

बघा, हे अगदी प्रामाणिक उत्तर होतं, आणि त्यानेच ती बाई पुरती अडकत होती. मी तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, “मग काय करू? खोटं सांगू का?” वडिलांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. “साहेब, हिला जामीन मिळेल हो. पण एकदा अटक झाली की या पेरुंगुडीच्या रस्त्यावरची एक कंपनी हिला दारात उभी करणार नाही. सात वर्षं राबून मिळवलेलं नाव आहे तिचं.”

मी त्यांना घरी पाठवलं. नियमाने करायचं ते सगळं केलं. फोन आला त्या नंबरचा आणि केसपेपर गेले त्या इंटरनेटच्या पत्त्याचा शोध सुरू केला, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला पत्र पाठवलं, सर्व्हरची प्रत काढून आमच्या फॉरेन्सिकच्या माणसाकडे दिली. उत्तरं येईपर्यंत वर्तमानपत्रात बातमी आली. मग डेप्युटी कमिशनर साहेबांचा फोन यायला किती वेळ लागतो? शुक्रवारपर्यंत अटक करा, म्हणाले. सर्व्हरच्या नोंदी समोर आहेत, टोकन एकाच बाईकडे आहे, आणखी काय हवं?

खरं सांगायचं तर माझ्याकडेही ‘आणखी’ काही नव्हतं. फक्त बाईंचं ‘खोटं सांगू का?’ कानात राहिलं होतं. शुक्रवारी सकाळी दहाची वेळ ठरली. बाईमाणसाची अटक दिवसाउजेडी आणि महिला पोलिसांच्या उपस्थितीत करायची असते. आमच्या ठाण्याची लिखापढी सांभाळणाऱ्या रायटर एक महिला हेड कॉन्स्टेबल होत्या, सगळे त्यांना रायटर अम्मा म्हणत. त्या मला अय्या म्हणत, म्हणजे तमिळमध्ये साहेब. त्यांनी अटकेचा मेमो टाइप करून माझ्या टेबलावर ठेवला. ठेवताना म्हणाल्या, “अय्या, टाइप मी केला. पटला मात्र नाही.”

“तुम्हाला पटायला तो प्रेमपत्र आहे का?” मी खेकसलो. पण पटलेला मलाही नव्हता.

गुरुवारी दुपारी जेवताना मला माझे पहिले साहेब आठवले. मी नवा सबइन्स्पेक्टर असताना घरफोडीच्या जागी गेलो की मी धावत कपाटाकडे जायचो, काय गेलं ते बघायला. साहेब दारातच थांबायचे, वाकून कुलूप बघायचे. “ज्याच्याकडे किल्ली असते तो कुलपाला ओरखडे पाडत नाही,” ते म्हणायचे. “आधी ओरखडे बघ, मग कपाट.”

हातातला घास तसाच ठेवला आणि फॉरेन्सिकच्या माणसाला फोन लावला.

“तू मला दार उघडल्याच्या नोंदी दिल्यास. दार न उघडल्याच्या कुठे आहेत?”

“म्हणजे?”

“म्हणजे चुकीचं टोकन घेऊन कुणी आलं होतं का? सर्व्हर ते लिहून ठेवतो ना?”

“ठेवतो सार. चुकीचं टोकन आलं की ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. पण त्या नोंदी कुणी मागितल्याच नव्हत्या.”

“मी मागतोय!”

संध्याकाळी पाचला तो स्वतःच धावत आला, हातात कागदांचा गठ्ठा. पहिल्यांदा केसपेपर बाहेर गेले, त्याच्या आधीच्या दोन दिवसांत सातशेहून जास्त चुकीची टोकनं आली होती. एकामागोमाग एक. आणि गंमत अशी की सगळी जवळजवळ सारखीच! चाळीसपैकी अडतीस अक्षरं बरोबर. चुकत होती ती फक्त दोन, अठरावं आणि एकोणिसावं. कुणीतरी त्या दोन जागी एकेक अक्षर, एकेक आकडा घालून बघत होतं. जोडी जुळली, आणि दार उघडलं.

हेच ते ओरखडे होते. बाईंना चाळीसही अक्षरं माहीत होती, त्या कशाला सातशे वेळा चुकतील? मी लगेच डेप्युटी कमिशनर साहेबांना फोन केला. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “ती हुशार आहे. संशय दुसरीकडे जावा म्हणून मुद्दाम केलं असेल. अडतीस अक्षरं माहीत आणि मधली दोन माहीत नाहीत, असा माणूस जगात असतो का? असला तर उद्या दहाच्या आत आणून दाखवा.”

साहेबांचं बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. अडतीस माहीत आणि मधली दोन नाहीत, हे कसं? टोकन कुणी पाठ केलं असतं तर सुरुवात आठवली असती आणि शेवट विसरला असता. चोरून बघितलं असतं तर कुठेतरी चार-पाच ठिकाणी चुकला असता. लागून असलेली दोनच अक्षरं कशी काय हरवतात?

शुक्रवारी सकाळी मी साडेआठलाच ठाण्यात पोचलो. बाहेरच्या बाकावर बाई आणि त्यांचे वडील बसलेले. बाईंच्या पायाशी एक पिशवी होती. उघड्या तोंडातून त्यात घडी घातलेले दोन पंजाबी ड्रेस आणि दात घासायचा ब्रश दिसत होता. कोठडीत जायची तयारी करून आली होती ती पोर. मी मान खाली घालून आत गेलो.

मेमो टेबलावर होता. पेनचं टोपण काढलं. एवढ्यात रायटर अम्मांनी आठवण केली, आज महिन्याची शस्त्रतपासणी आहे, आधी ती उरका. आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्यांकडच्या रायफली महिन्यातून एकदा नंबर वाचून रजिस्टरशी ताडून बघायच्या असतात. मला तेवढंच हवं होतं. दहा मिनिटं का होईना, सही पुढे ढकलली जाणार होती.

रायटर अम्मा एकेक रायफल उचलून दस्त्यावर रंगवलेला नंबर वाचत होत्या, मी रजिस्टरवर खूण करत होतो. चौथ्या रायफलीला त्या थांबल्या.

“वाचा की!”

“पहिला आकडा चार आहे. शेवटचा सात. मधला दिसत नाही, अय्या. पूजेचं कुंकू बसलंय त्यावर.”

“मग पुसा!”

“आयुधपूजेचं कुंकू मी पुसणार नाही. तुम्ही इन्स्पेक्टर आहात, तुम्ही पुसा.”

मी रायफल हातात घेतली. महिन्याभरापूर्वी, नवरात्रातल्या नवमीला, ठाण्यातल्या सगळ्या शस्त्रांची आम्ही पूजा केली होती. आपली खंडेनवमीच ती. इथे तमिळनाडूत त्या दिवशी प्रत्येक दुकानात, गॅरेजात, ऑफिसात ही पूजा होते. ज्याचं जे हत्यार ते पूजेत मांडायचं, त्याला गंध-कुंकू लावायचं, दिवसभर त्याला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला नव्याने काम सुरू करायचं. आम्ही रायफली मांडल्या होत्या, स्टेशन डायरी मांडली होती, माझा जीपवालासुद्धा स्टेअरिंगला हार घालून आला होता.

माझं बोट त्या वाळलेल्या कुंकवावर होतं. चार, मग एक लाल ठिपका, मग सात.

“अम्मा!” मी एवढ्या जोरात ओरडलो की पहारेकरी आत आला. “ते टोकन कधी काढलं? तारीख काढा!”

रायटर अम्मांनी फाइल उघडली. तारीख वाचली. आयुधपूजेचा दिवस.

मी रायफल घेऊनच बाहेर धावलो. आता कल्पना करा, अटकेची वाट बघत बसलेल्या माणसासमोर इन्स्पेक्टर हातात रायफल घेऊन धावत आला तर काय होईल? वडील उभेच राहिले. मी म्हणालो, “घाबरू नका हो! बाई, मला एकच सांगा. आयुधपूजेला तुम्ही ते टोकन पूजेत मांडलं होतं का?”

बाईंचा हात तोंडावर गेला.

“हो,” त्या म्हणाल्या. “मालक म्हणाले, नवं दार दसऱ्याला उघडायचं, तर त्याची किल्ली पूजेत ठेवायलाच हवी. पण टोकन वस्तू थोडीच आहे? म्हणून मी मोठ्या अक्षरात कागदावर छापलं. मालकांनी स्वतः हळद लावली, कुंकू लावलं.”

“आणि फोटो?”

“फोटो काढला. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडलेल्या खुणा पाठवल्या.” त्या रडायलाच लागल्या. “साहेब, तुम्ही विचारलंत कुठे लिहून ठेवलं का, तेव्हा मला ते आठवलंच नाही. ते लिहून ठेवणं नव्हतं हो, ती पूजा होती!”

“तो कागद पुढे फाडलात?”

“कुंकू लागलेला कागद कुणी फाडतं का? देवाच्या फोटोमागे ठेवला असेल.”

मी आत जाऊन रायफल ठेवली, पेनला टोपण लावलं आणि जीप काढायला सांगितली.

पेरुंगुडीतल्या त्या चकाचक ऑफिसात, रिसेप्शनच्या बाजूला, सरस्वतीची तसबीर होती. मी बूट काढले, माझ्यासोबतच्या दोन पंचांनाही काढायला लावले. पंचनाम्याला इकडे महजर म्हणतात. तंजावरच्या जुन्या मराठी कागदांतही हाच शब्द आहे, त्यामुळे मला तो घरचा वाटतो. बूट काढून केलेला माझ्या नोकरीतला तो एकमेव महजर. तसबिरीमागे हात घातला, तो कागद हातात आला. चारही कोपरे हळदीने पिवळे. मधोमध चाळीस अक्षरांची ओळ, आणि ओळीच्या मध्यावर मालकांच्या अंगठ्याएवढा लालभडक ठिपका.

पेनच्या मागच्या टोकाने मी मोजायला लागलो. पंधरा, सोळा, सतरा. मग कुंकू. मग वीस.

परत मोजलं. पंचांकडून मोजून घेतलं. मालकांकडूनही मोजून घेतलं. आवाज चढवून मोजा म्हणालो, आणि त्यांनी मोजलं.

“पण सार, ही तर पूजा होती,” मालक पुटपुटले.

“पूजा होतीच. आणि चोरासाठी प्रतही होती. तुम्ही स्वतःच्या हाताने ग्रुपवर पाठवलेली.”

मी तिथूनच डेप्युटी कमिशनर साहेबांना फोन लावला. “सर, असा माणूस जगात असतो. अडतीस माहीत, मधली दोन नाहीत.” साहेबांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, “मेमोवर सही केलीत?” मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, “बरं केलंत.” त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मला बत्तीस वर्षं लागली होती!

आता माणूस शोधायचा होता. फोटो तर सगळ्या ग्रुपने पाहिला होता. पण नुसतं टोकन असून भागत नाही, ते कुठल्या दारावर दाखवायचं तेही माहीत लागतं. ते माहीत असणारी माणसं दोनच. एक त्या बाई, आणि दुसरा हे जोडणीचं काम ज्याने केलं तो इंजिनिअर. तो पूजेच्या पंधरा दिवस आधी मालकांशी भांडून नोकरी सोडून गेला होता. जाताना त्याचे सगळे अधिकार काढून घेतले होते, आणि टोकन तर तो गेल्यावर तयार झालं, म्हणून त्याच्यावर कुणी संशयच घेतला नव्हता. मी ग्रुपची यादी मागवली. महाशय अजून ग्रुपमध्ये होते. काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात इंटरनेट कंपनीचं उत्तर आलं. केसपेपर आणि ते सातशे ओरखडे, दोन्हींचा माग ज्या इमारतीत जात होता, तिथेच हा गृहस्थ भाड्याने टेबल घेऊन बसत होता. पण त्या इमारतीत असे चाळीस जण बसत होते, आणि कनेक्शन सगळ्यांचं एकच. एवढ्यावर कोर्टात कुणी मला उभं केलं नसतं.

नोटीस दिली, तो आला. वय पस्तीस, इस्त्रीचा शर्ट, इंग्रजी फाडफाड. पूजेला मी कोइमतूरला होतो, म्हणाला. ग्रुप बंद करून ठेवलाय, फोटोबिटो काही पाहिलेला नाही, म्हणाला. ठीक आहे.

या इतक्या वर्षांत मी एक पाहिलं आहे. खिसेकापूला शिव्या दिल्या तर चालतात, पण त्याचं काम कच्चं म्हटलेलं चालत नाही. आणि या संगणकवाल्या मंडळींना चुकीचं ऐकून गप्प बसणं जमत नाही. जीव गेला तरी दुरुस्त करणार. म्हणून मी ठरवलं, आज आपण मूर्ख व्हायचं. रायटर अम्मांना टाइप करायला बसवलं, चष्मा पुसला आणि सुरुवात केली.

“हां, लिहा. आरोपीने टोकन नावाचा पासवर्ड चोरला.”

“टोकन म्हणजे पासवर्ड नव्हे, सर,” तो हसून म्हणाला.

“असं का? बरं, नव्हे लिहा. मग त्याने कंपनीच्या विक्रीच्या सॉफ्टवेअरमधून कागद काढले.”

“कागद सॉफ्टवेअरमध्ये नसतात, सर. संग्रहात असतात. सॉफ्टवेअर फक्त मागतं.”

“वा! तुम्ही होतात म्हणून बरं, नाहीतर कोर्टाने आमची खिल्ली उडवली असती. कॉफी घ्या.” त्याने कॉफी घेतली. पायावर पाय टाकला. आणखी तीन-चार चुका मी केल्या, तीन-चार त्याने सुधारल्या. शिकवण्याचा रंग चढला होता त्याला.

“लिहा अम्मा. फोटोत टोकनाची शेवटची दोन अक्षरं कुंकवाखाली होती, म्हणून आरोपीने शेवटची दोन अक्षरं बदलून बदलून...”

“शेवटची नाही सर, मधली,” तो म्हणाला. “शेवटची तर स्पष्ट दिसत...”

टाइपिंगचा आवाज थांबला. त्याने कप खाली ठेवला, तो बशीवर नीट बसलाही नाही.

“दिसत होती ना?” मी म्हणालो. “कोइमतूरहून?”

पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे मला ठाऊक होतं आणि थोड्या वेळाने त्यालाही आठवलं असतं. म्हणून तो सावरायच्या आत मी पंचांना बोलावलं. लॅपटॉप कुठे आहे ते त्याने सांगितलं, आणि त्याच्या घरून आम्ही तो जप्त केला. त्यात तो फोटो होता, मोठा करून कातरलेला. त्याने लिहिलेला छोटासा प्रोग्रॅमही होता, अठरावी आणि एकोणिसावी जागा बदलत जाणारा. केसपेपरांतली नावं ज्या औषधवाल्यांना विकली त्यांचे निरोपही होते. असं का केलंस, विचारलं. म्हणाला, “सहा महिने खपून ती जोडणी मी बांधली, सर. फोटोखाली मालकांनी सगळ्यांचे आभार मानले. माझं नावही नव्हतं.” त्याचं दुःख मला कळलं. त्यासाठी एका निर्दोष बाईला कोठडीच्या दारापर्यंत नेलं, हे मात्र त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

आम्ही आरोपपत्र दाखल केलं आणि औषधवाल्यांकडची यादी जप्त केली. मैलापूरच्या शिक्षिकाबाईंना मी स्वतः फोन केला. “उशीर केलात, पण उत्तर बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. शाळेत कुणी मला एवढे मार्क दिले नव्हते.

आणि आमच्या संग्रहप्रमुख बाई? मालकांनी निरोप धाडला, सोमवारपासून कामावर या. बाईंनी उलट निरोप धाडला, ज्या हॉलमध्ये, ज्या लोकांसमोर ओळखपत्र काढलं, तिथेच, त्यांच्यासमोर घालायचं. नाहीतर यायचं नाही. मला हे कळलं तेव्हा मी टेबलावर हात आपटून शाबास म्हणालो. रायटर अम्मा म्हणाल्या, “अय्या, काच फुटेल.” सोमवारी सगळा स्टाफ उभा होता. बाईंचे वडील पहिल्या रांगेत खुर्चीवर होते, आणि मी साध्या कपड्यात मागे उभा होतो. मालकांनी माफी मागितली, तमिळमध्ये, इंग्रजीत, आणि बाईंच्या वडिलांसमोर येऊन मोडक्यातोडक्या हिंदीतही. ओळखपत्र बाईंच्या गळ्यात पडलं तेव्हा एवढ्या टाळ्या वाजल्या की मला डोळे पुसायला रुमाल शोधावा लागला. हो, रडलो मी. लाज कसली त्यात?

या प्रकरणानंतर चौकशी करायची माझी पद्धतच बदलली. पूर्वी मी विचारायचो, ही गोष्ट कुणाकुणाला सांगितलीत? लोक खरंच सांगतात, पण त्यांना जे सांगणं वाटतं तेवढंच सांगतात. पूजेत मांडलेलं, लग्नात दाखवलेलं, शेजारणीला कौतुकाने वाचून दाखवलेलं, हे त्यांच्या हिशेबी सांगण्यात येतच नाही. म्हणून मी विचारायला लागलो, त्या दिवशी सण कुठला होता? घरी कोण आलं होतं? फोटो काढलात का? आणि मशीनलाही नुसतं ‘कोण आत आलं’ असं विचारून भागत नाही, ‘कोण बाहेर अडकलं’ हेही विचारावं लागतं. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हेच शिकवून बाहेर पडलो.

पुढच्या आयुधपूजेला मी निवृत्त झालो होतो. बाईंचं आमंत्रण आलं. आता त्या कंपनीच्या सुरक्षा विभागाच्याही प्रमुख होत्या, आणि टोकनासाठी वेगळं खातं त्यांनी पहिल्याच आठवड्यात मंजूर करून घेतलं होतं. रायटर अम्मांनाही त्यांनी बोलावलं होतं. पूजेत संगणक होते, स्कॅनर होते, पेनं होती, झेंडूच्या माळा होत्या. आणि अगदी समोर, तबकात, एक कागद होता. चारही कोपऱ्यांना हळद लावलेली. कागद कोरा होता.

“किल्ली कुठे आहे?” मी विचारलं.

“किल्ली जिथे असायला हवी तिथे आहे, साहेब,” बाई हसून म्हणाल्या. “देवीला कोरा कागद पुरतो.”

मालक कुंकवाची वाटी घेऊन पुढे आले, बाईंकडे पाहून थबकले, आणि वाटी माझ्यापुढे धरली. मी अंगठा बुडवला आणि कागदाच्या अगदी मधोमध चांगला मोठा ठिपका लावला. खाली झाकलं जाण्यासारखं काही नव्हतंच.